आखेनमधली खोली आणि माझा पासपोर्ट

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. जर्मनीतल्या आखेन शहरात एका चार मजली इमारतीच्या काचेच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. वर जर्मन मजकूर, खाली इंग्रजी. या इमारतीत एकही खोली भाड्यानं द्यायची नाही, तुम्ही पैसे भरले असतील तर तुमची फसवणूक झाली आहे, पोलिसांकडे जा. ऊन लागून कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. म्हणजे या पायरीवर माझ्याआधीही कुणी कुणी बॅगा घेऊन उभं राहिलं असणार.

माझ्याजवळ तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, पाठीवर सॅक, सॅकमध्ये कुकर. बॅगेत आईनं दिलेला दोन किलो कांदा-लसूण मसाला. मी तरीही बेल शोधायला लागलो. इथं बेलच्या बटणाशेजारी फ्लॅट नंबर नसतो, आडनाव असतं. मालकीणबाईंचं आडनाव त्या पाटीवर कुठंच नव्हतं. दोनदा वाचली, मग बोट लावून तिसऱ्यांदा.

मी इचलकरंजीचा. आप्पा यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवतात, मी टेक्स्टाईल शिकून मास्टर्ससाठी इकडं आलो. हे लिहितोय ते ज्यांची पोरं, भाचे-पुतणे पुढच्या सेमिस्टरला निघणार आहेत त्यांच्यासाठी. मी काही फार भोळा नव्हतो. एजंटला एक रुपया न देता सगळी प्रक्रिया स्वतः केली होती, आणि फसलो ते बहुतेक त्या प्रक्रियेमुळंच.

जर्मनीला यायचं म्हणजे वर्षभर कागद जमवायचे. एपीएसचं सर्टिफिकेट (आपली मार्कशीट-पदवी खरी आहे याचा दाखला), ॲडमिशन लेटर, आरोग्यविमा, ब्लॉक अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे त्या वेळच्या दरानं बारा लाखांच्या आसपास. त्यातून महिन्याला ९९२ युरो आपल्याला परत मिळतात. हे सगळं जमवता जमवता मनाला एक सवय लागते : कागद आला की काम झालं. त्यात सीनियर सांगत होते की उतरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे आनमेल्डुंग, पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. २०१५ च्या नोव्हेंबरपासून त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. हा शब्द मी पाठ केला होता. या एका कागदावर पुढचं बरंच अडतं : टॅक्स नंबर, व्हिसा वाढवणं, आणि माझ्या बाबतीत बँकेचं खातंसुद्धा.

स्टुडंट हॉस्टेलसाठी जूनमध्येच अर्ज केला होता, उत्तर आलं की प्रतीक्षायादीत आहात. मग खोल्यांच्या साइटवर रोज रात्री जागून मेसेज टाकायचो. सत्तर-ऐंशी मेसेज गेले असतील, उत्तरं आली चार. त्यातलं एकच होकाराचं.

बाई स्वतःला इंजिनिअर म्हणवत होत्या. मुलीच्या शिक्षणासाठी आखेनमध्ये फ्लॅट घेतला, आता मुलगी शिकून बाहेर पडली, आम्ही नवरा-बायको स्पेनला स्थायिक झालो, खोली चांगल्या मुलाला द्यायची आहे. भाडं महिना ३४० युरो, वीज-पाणी-हीटिंग धरून. इथं त्याला वार्म म्हणतात, नुसतं खोलीचं भाडं म्हणजे काल्ट, ते २९०. डिपॉझिट दोन महिन्यांचं काल्ट. स्वस्त होतं, पण डोळे विस्फारावेत इतकं नाही. आता वाटतं, हा आकडा फार विचार करून ठरवलेला होता. दीडशे युरो मागितले असते तर मी पळालोच असतो.

शिवाय बाईंनी माझीच मुलाखत घेतली. सिगारेट ओढता का, रात्री उशिरा पार्टी करता का, आईवडील काय करतात, खर्च कोण उचलणार. मी घाबरून घाबरून उत्तरं दिली, नापास होऊ नये म्हणून. आमच्याकडं मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीचं जे होतं, तेच. जो परीक्षा देतो तो परीक्षकाला तपासत नाही. चौथ्या दिवशी मेल आला की आम्ही तुम्हाला निवडलंय. घरात पेढे वाटले, खरंच.

मग त्यांनी पासपोर्टची प्रत मागितली, करारासाठी. मी दिली. त्यांनीही त्यांच्या पासपोर्टची प्रत पाठवली, त्यानं तर माझा विश्वास आणखी बसला. करार आला, सात पानांचा, जर्मन आणि इंग्रजी शेजारी शेजारी. आणि न मागताच सोबत तो कागद, पत्त्याच्या नोंदणीचा, सही केलेला. ज्या कागदासाठी सीनियर लोक मालकांच्या मागं फिरतात तो मला घरबसल्या मिळाला होता. मी खोली बघायचं विसरलो.

एक जण मात्र थांबली होती. पैसे पाठवायला आप्पा आणि मी बँकेत गेलो, परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरला. काउंटरवरच्या मॅडमनी आयबॅन नंबर बघितला आणि विचारलं, “घर जर्मनीत आहे ना? मग खातं स्पेनचं कसं?” आयबॅनची पहिली दोन अक्षरं खातं कुठल्या देशातलं ते सांगतात. जर्मनीचं असेल तर डीई, इथं होतं ईएस. मी त्यांना समजावलं, “मॅडम, त्या तिकडं शिफ्ट झाल्यात. आणि युरोपात सगळं एकच सिस्टीम असते, सेपा म्हणतात.” हे वाक्य माझं नव्हतं, बाईंच्या मेलमधलं होतं. चोराची वकिली मीच केली, तीही फुकट. मॅडमनी खांदे उडवले आणि शिक्का मारला. पहिलं भाडं आणि डिपॉझिट मिळून ९२० युरो. आमच्या खात्यातून चौऱ्याण्णव हजारांच्या आसपास गेले.

चावी इमारतीतल्या शेजाऱ्याकडं ठेवलेली असेल, बेल वाजवा, असं ठरलं होतं.

तर तो रविवार. इथं रविवारी दुकानं बंद, हे ऐकून माहीत होतं, अनुभव तेव्हा आला. सिमकार्ड नाही, स्टेशनच्या वाय-फायवर बसून बाईंना फोन लावला तर नंबर बंद. मेलला उत्तर नाही. मराठी मुलांच्या एका ग्रुपवर नाव बदलून लिहावं असं मनात आलं होतं, इतकी लाज वाटत होती. शेवटी लिहिलं, पण खोटं : “खोलीचा थोडा प्रॉब्लेम झालाय, दोन दिवस सोय होईल का?” लातूरचा एक दादा ट्रेनने स्टेशनवर न्यायला आला, काही न विचारता एक बॅग उचलली. त्याच्या स्वयंपाकघरात गादी टाकून मी पाच आठवडे काढले.

त्या पाच आठवड्यांत इथलं रोजचं जगणं शिकलो. रिकामी प्लॅस्टिकची बाटली मशीनमध्ये टाकली की बहुतेक वेळा २५ सेंट परत मिळतात. रात्री दहानंतर मिक्सर लावायचा नाही. लेटरबॉक्सवर आपलं नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकतच नाही. बँकेचं कार्ड, पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं पोस्टानं येतं, आणि मला तर पत्ताच नव्हता. दादाच्या घरमालकानं माझी नोंदणी करू द्यायला नकार दिला. आल्यावर वापरायला आणलेल्या रोख पाचशे युरोंवर मी मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, रोज सर्वांत स्वस्त ताट घ्यायचो, म्हणजे बटाटे.

याच काळात दुसरा गळ आला. टेलिग्रामवर मेसेज : फक्त आनमेल्डुंग हवं? १५० युरो, सहीचा कागद दोन दिवसांत. खोली नाही, नुसता पत्ता. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. दादानं शिव्या घातल्या. राहायला न देता नुसता पत्ता वापरू देणाऱ्याला इथं ५० हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो आणि खोटी नोंदणी करणाराही सुटत नाही. ते सोडा, तुमच्या बँकेचं कार्ड आणि पिन त्या अनोळखी माणसाच्या लेटरबॉक्समध्ये पडणार, याचा विचार करा.

घरी काहीच सांगितलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर दादाच्या खोलीची भिंत दाखवायचो. दहाव्या दिवशी आप्पांनीच विचारलं. मी पाठवलेले खोलीचे फोटो ते रात्री मोबाईलवर बघत बसायचे म्हणे. “आरं, एक इचारायचं हुतं. आपण दुकानातनं दोन गोल पिनांचा ॲडॉप्टर घेतला की न्हाई तुझ्यासाठी? मग ह्या फोटोत भितीवरची भोकं चौकोनी कशी, तीन तीन?” मी फोटो मोठा करून बघितला. किटलीमागचं सॉकेट ब्रिटिश होतं. फोटो जर्मनीतले नव्हतेच. शंभर वेळा बघितलेले फोटो, आणि जन्मात विमानात न बसलेल्या माणसाला ते दिसलं.

मी रडलो. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “गेलं ते गेलं, जेवलास का?”

दुसऱ्या दिवशी, ९ ऑक्टोबरला, पोलिसात गेलो. गंमत बघा, युरो वापरणाऱ्या देशांत त्याच दिवसापासून बँकांना पैसे पाठवण्याआधी खात्याचं नाव आणि आयबॅन जुळतात की नाही ते दाखवणं सक्तीचं झालं. अर्थात माझे पैसे गेले होते ऑगस्टमध्ये आणि तेही इचलकरंजीहून. पोलिसातली बाई इंग्रजी बोलली, तिनं सगळे मेल, करार, आयबॅन मागून घेतलं. मग तिनं विचारलं, पैसे गेले हे २८ लाच कळलं होतं, तर अकरा दिवस काय केलंत? मला सांगता येईना. आमच्या बँकेनंही पैसे परत मागणारा संदेश पाठवला, पण पैसे एकदा खात्यात जमा झाले की समोरच्याच्या संमतीशिवाय परत येत नाहीत. चोर कशाला संमती देतोय. काही महिन्यांनी सरकारी वकिलाच्या ऑफिसचं पत्र आलं : आरोपीचा शोध लागला नाही, तपास थांबवला आहे.

त्या अकरा दिवसांबद्दल एक सांगायचं राहिलं. नोव्हेंबरमध्ये मला नांदेडकडचा एक मुलगा भेटला. त्यानं त्याच बाईंना, त्याच खोलीसाठी, ४ ऑक्टोबरला पैसे भरले होते. मी ज्या ग्रुपवर “थोडा प्रॉब्लेम झालाय” असं लिहिलं, त्याच ग्रुपवर तोही होता.

लोक मला विचारतात, मग ओळखायचं कसं? कायद्यानं डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टपेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरू ते तीन हप्त्यांत देऊ शकतो, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. पण इथले खरे मालकही बरेचदा एकदम मागतात, त्यामुळे एवढ्यावरून चोर कळत नाही. परदेशात असलेला मालक खराही असू शकतो. पासपोर्टची प्रत, करार, सही, शिक्का यांवर तर अजिबात जाऊ नका, ते सगळं समोरच्यानंच दिलेलं असतं. आपल्या ओळखीचं कुणीतरी त्या खोलीत उभं राहून नळ सोडून बघेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, एवढं एकच मी धरून बसलोय. तसं कुणी नसेल तर पहिला महिना महागडी का होईना, तात्पुरती सोय घ्या आणि इथं येऊन शोधा. मला आत्ताची खोली तशीच मिळाली, मेन्साच्या नोटीस बोर्डवर, ४१० युरो वार्म. आणि पासपोर्टची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा : कुणाला, कशासाठी, कुठल्या तारखेला दिली.

हे शेवटचं मला जानेवारीत कळलं. लिंक्डइनवर कोलंबियातल्या एका मुलीचा मेसेज आला. “तुमच्या खोलीचं डिपॉझिट उद्या भरतेय, चावी कुणाकडं असेल?” मला काही कळेना. तिनं तिला आलेली मालकाच्या पासपोर्टची प्रत पाठवली. फोटो माझा, पासपोर्ट सेवा केंद्रात काढलेला, मागं पांढरा पडदा. सही माझी. त्या कागदांवर आता मी आखेनमधला घरमालक होतो.

मी लगेच कॉल केला, सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “पण मला कसं कळणार की तुम्ही खरं बोलताय? कदाचित खोली दुसऱ्या कुणाला जास्त पैशांत द्यायची असेल तुम्हाला.” माझ्याकडं दाखवायला काय होतं? पासपोर्ट. तो तिच्याकडं होताच.

पत्ता विचारला, शहराच्या पश्चिमेला होता. म्हटलं, अर्धा तास थांब. बस पकडली, पाऊस होता, उतरून इमारत शोधली आणि कॅमेरा चालू केला. पाटीवर अकरा नावं होती. तिला एकेक नाव वाचून दाखवलं, माझं कुठंच नव्हतं. तिनं सांगितलं, सगळ्यात खालची बेल वाजवा. वाजवली. एक आजी दार उघडून बाहेर आल्या, मला नखशिखांत बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “नो रूम. नो रूम हिअर.” फोनमधून ती मुलगी म्हणाली, “ऐकलं मी.”