थंडीतले जिवाणू जपायचे कसे: ग्लिसरॉल, नायट्रोजन की सुकवण?

साध्या जिवाणूंचे स्लँट (नळीतल्या तिरप्या आगर-जेलीवरची वाढ) ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवले की त्यांची वाढ जवळपास थांबते. अंटार्क्टिकाच्या मातीतून किंवा हिमनदीच्या पाण्यातून वेगळे केलेले जिवाणू मात्र त्याच फ्रिजमध्ये निवांत वाढत राहतात. अन्न संपतं, आगर आक्रसतं, दर दोन-तीन महिन्यांनी नवा स्लँट करावा लागतो आणि दर वेळी मूळ गुण थोडे सुटत जातात. त्यामुळे फ्रिज हा रोजच्या कामापुरता. −२० वरही भरवसा नको. अलास्कातल्या समुद्री बर्फात सापडलेला सायक्रोमोनास इंग्रॅहॅमी −१२ अंशांतही वाढतो. प्लॅनोकोकस हॅलोक्रायोफिलस तर −१५ ला. शिवाय आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर तापमान वरखाली करत राहतो. तेच पेशींना मारतं.

म्हणजे निवड खरी तीनच पर्यायांत: −८० चा डीप फ्रीझर, द्रवरूप नायट्रोजन आणि गोठवून सुकवणं. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात लॅब उभी करणाऱ्यानं यंत्राच्या किमतीआधी करंटचा हिशेब करावा.

तिन्हींच्या आधीची गोष्ट एकच: जिवाणू इथवर जिवंत यायला हवेत. नमुने घ्यायला २०२२ च्या अंटार्क्टिक कायद्याखाली परवानगी लागते, आणि भारतीय मोहिमा गोव्यातल्या वास्कोच्या एनसीपीओआर (राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) मार्फत जातात. साधा नियम: जे गोठलेलं उचललं ते गोठलेलंच आणावं, जे पाणी होतं ते न गोठवता ४ अंशांवर आणून लवकर प्लेटवर टाकावं. वास्कोहून चोर्ला घाटानं गाडीनं आणताना गोठलेल्या नमुन्यांच्या थर्मोकोलच्या खोक्यात सुका बर्फ भरा, झाकण घट्ट सील करू नका आणि गाडीची काच खाली ठेवा. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद गाडीत धोक्याचा. प्लेट ओतताना ४५ अंशांच्या आगरमध्ये नमुना मिसळायची सवय इथं सोडावी. खरे शीतप्रेमी (थंडीतच वाढणारे जिवाणू) २० अंशांच्या वर वाढतच नाहीत, ४५ ला तर मरतात. आगर आधी ओतून, थंड करून, वर पसरावं. आर२ए (कमी पोषणाचं) माध्यम, ४ ते १५ अंश, दोन ते चार आठवडे. आठव्या दिवशी कोरी दिसली म्हणून प्लेट फेकू नये.

आता ग्लिसरॉल, म्हणजे पेशींना बर्फापासून जपणारा हा दाट द्रव मिसळून −८० ला ठेवणं. आमच्या मते बहुतेकांसाठी हाच पहिला पर्याय. जोमदार वाढीच्या शेवटच्या टप्प्यातलं संवर्धन (द्रव माध्यमात वाढवलेले जिवाणू) ०.५ मिली आणि निर्जंतुक ५० टक्के ग्लिसरॉल ०.५ मिली, म्हणजे शेवटी २५ टक्के. शुद्ध ग्लिसरॉल पिपेटच्या टोकाला काकवीसारखं चिकटतं आणि माप हमखास कमी पडतं. ५० टक्क्यांचं द्रावण करताना ते वजनानं मोजावं: १०० मिलीसाठी ६३ ग्रॅम. ग्लिसरॉल आणि संवर्धन दोन्ही आधी ४ अंशांवर थंड करून मिसळावं, वायल (झाकणाची छोटी नळी) आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यात ठेवून मिनिटाला सुमारे १ अंशानं रात्रभर −८० पर्यंत उतरवावी. एका जिवाणूच्या किमान पाच वायल करा. दर वेळी वितळवून परत गोठवलेली वायल लवकर निकामी होते. शाईचं लेबल बर्फानं निघतं, म्हणून नंबर झाकणावरही लिहावा.

अडचण एकच: करंट. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी पट्ट्यात लाईट कधी कधी दिवसभर जाते. चांगला भरलेला फ्रीझर काही तास तग धरतो, अर्धा रिकामा लवकर तापतो. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात, स्टॅबिलायझर आणि जनरेटर हवाच, फिल्टर महिन्याला झाडावा.

द्रवरूप नायट्रोजनला करंट लागत नाही, आणि आपल्याकडे तो काही अनोखा नाही. जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ज्या कॅनमध्ये असतात, तोच हा नायट्रोजन. तिथली लाकडी काठी आठवा: कॅनमध्ये बुडवून बाहेर काढून हवेत हलवली की जिथवर दव गोठून पांढरं होतं, तिथवर पातळी. दर आठवड्याला मोजायचं आणि भरायचं. द्रव −१९६ अंशांवर असतो, त्याच्या थंडीत पेशी वर्षानुवर्षं टिकतात, ग्लिसरॉलऐवजी ५ ते १० टक्के डीएमएसओ (पेशींना गोठताना जपणारा दुसरा द्रव) वापरता येतं (ते ऑटोक्लेव्ह न करता, डीएमएसओला टिकणाऱ्या फिल्टरनं गाळून घ्यावं). पण वायल द्रवात बुडवू नका, वरच्या वाफेत ठेवा. सैल झाकणातून आत शिरलेला द्रव बाहेर काढताना वाफ होऊन वायल फुटते. चेहऱ्याला ढाल, हाताला जाड हातमोजे. खरा प्रश्न पुरवठ्याचा. नेमानं भरून देणारा माणूस नसेल तर हा पर्याय घेऊच नये, कारण कॅन एकदा कोरडा पडला की सगळंच जातं.

गोठवून सुकवणं सर्वांत मोहक: ॲम्प्यूल (बंद काचेची कुपी) साध्या फ्रिजमध्ये ठेवा, लाईट गेली तरी फारशी चिंता नाही, टपालानं पाठवा. पण शीतप्रेमींच्या पेशीपटलात असंतृप्त मेदाम्लं जास्त असतात, ती हवेनं लवकर बिघडतात, आणि काही जाती सुकवणीतच संपतात. १० टक्के स्किम मिल्क आणि ५ टक्के ट्रेहॅलोज (एक साखर) मिसळून आधी चाचणी घ्यावी. निर्वातात काच बंद करणं आणि अंधारात ४ अंशांवर ठेवणं आलंच. जुलैच्या दमट हवेत उघडा राहिलेला चूर्ण तासाभरात ओलावा ओढतो.

सगळ्यांत चुकतं ते पुन्हा जिवंत करताना. पाठ झालेली पद्धत म्हणजे वायल ३७ अंशांच्या पाण्यात टाकायची. शीतप्रेमींसाठी तो खून. वायल बर्फावर वितळवा, थंड प्लेटवर पसरा आणि १० अंशांना ठेवा.

लहान लॅबनं −८० ला दोन वायल-संच करावेत आणि निवडक जातींची प्रत नायट्रोजनमध्ये ठेवावी. फार मोलाची जात पुण्याच्या एनसीएमआर किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-संग्रहांकडे जमा करावी. गोठवण्याआधी, दुसऱ्या दिवशी आणि महिन्यानं पातळ करून वसाहती मोजाव्यात. १०० पैकी १० पेशी उरल्या तरी त्या जातीचं काम भागतं, एकही उरली नाही तर ग्लिसरॉलचं प्रमाण बदलून नवा संच करायला मूळ प्लेट तेवढी हातात हवी. म्हणून महिन्याची मोजणी होईपर्यंत ती प्लेट फेकू नये.