पोलर एच १०: क्रॉनिक फटीग असलेल्यांनी हा छातीचा पट्टा घ्यावा का?

पोलर ही फिनलंडची कंपनी. तिचा एच १० हा छातीला बांधायचा पट्टा मुळात धावणारे आणि सायकल चालवणारे यांच्यासाठी बनवलेला. शिवाजी पार्कला पहाटे धावणारा माणूस तो नाडी ठरावीक आकड्यापर्यंत चढवण्यासाठी वापरतो. क्रॉनिक फटीग सिंड्रोम (एमई/सीएफएस) असलेल्याला तो नाडी चढू न देण्यासाठी लागतो. हे परीक्षण त्या वापरापुरतंच आहे. पट्टा अचूक आहे, टिकाऊ आहे, पण एकटा पुरत नाही. नाडीच्या मर्यादेचा आकडा कसा ठरवायचा आणि घरातली कुठली कामं तो मोडतात हे कळलं तरच पैसे वसूल होतात.

या आजारात श्रमाची किंमत जागच्या जागी कळत नाही. ती बहुतेकदा १२ ते ४८ तासांनी वसूल होते. सोमवारी बँकेचं काम आटोपून माणूस ठीकठाक घरी येतो आणि बुधवारी त्याला अंथरुणातून उठवत नाही. अंग दुखतं, शब्द सुचत नाहीत, उजेड सोसत नाही. यालाच पीईएम (पोस्ट-एक्झर्शनल मलेज, म्हणजे श्रमानंतर तब्येत ढासळणं) म्हणतात, रुग्णांच्या बोलण्यात नुसतं ‘क्रॅश’. त्यामुळे ‘दमलं की बसू’ हा हिशेब इथे फसतो, कारण दमल्याचं जाणवेपर्यंत मर्यादा ओलांडून झालेली असते. नाडी मात्र त्याच मिनिटाला सांगते. पट्ट्याचं मोल एवढ्यासाठी आहे.

खरेदीआधी निदान पक्कं हवं. आपल्याकडे सततच्या थकव्यामागे हिमोग्लोबिन, बी १२, थायरॉइड, साखर, क्षयरोग, झोपेतला श्वासाचा अडथळा यांतलं काहीतरी निघण्याची शक्यता बरीच असते आणि त्या सगळ्यांवर उपचार आहेत. त्या तपासण्या आधी होऊ द्या. एमई/सीएफएसची स्वतःची अशी रक्ततपासणी अजून नाही, मंजूर औषधही नाही. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१च्या मार्गदर्शिकेत व्यायाम ठरवून टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचा उपचार या आजारासाठी देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. मुंबईत अजूनही ‘रोज पाच मिनिटं जास्त चाला’ हा सल्ला सर्रास मिळतो. पट्टा बांधून असा सल्ला पाळणं म्हणजे वेगाचा काटा बघत गाडी भिंतीवर नेणं.

आता आकडा. या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या वर्कवेल फाउंडेशनची पद्धत सर्वांत सोपी आहे. सकाळी जाग आल्यावर, पलंगावरून उठण्याआधी, विश्रांतीची नाडी मोजायची. असं सात दिवस करून सरासरी काढायची आणि त्यात १५ मिळवायचे. सरासरी ६८ आली तर मर्यादा ८३. दुसरं सूत्र वयावर चालतं: २२० वजा वय, त्याचे साठ टक्के. चाळिशीच्या माणसाला ते १०८ पर्यंत मोकळीक देतं. दोन आकड्यांत २५ ठोक्यांचं अंतर पडतं, आणि माझ्या मते सुरुवात नेहमी खालच्या आकड्यापासून करावी. वयाचं सूत्र निरोगी माणसांच्या सरासरीवरून आलेलं आहे. या आजारात श्रमाची उंबरठ्याची पातळी (जिच्यापुढे शरीराला श्रम पेलत नाहीत ती) खूप खाली आलेली असू शकते, आणि आदल्या दिवशी श्रम झाले असतील तर ती आणखी घसरते. लागोपाठ दोन दिवस सायकलवर घेतलेल्या श्वासचाचण्यांत हेच दिसतं.

प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर किंवा इव्हाब्रॅडिन चालू असेल तर नाडी औषधानेच दबलेली असते. तेव्हा वयाचं सूत्र सोडून द्यावं आणि मर्यादा डॉक्टरांशी बोलून ठरवावी. पेसमेकर असेल तर पट्टा बांधण्याआधीच विचारावं.

बांधण्याची रीत. पट्ट्याच्या आतल्या बाजूला रबरी खरबरीत पट्ट्या असतात, ते इलेक्ट्रोड. ते पाण्याने ओले करायचे. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली घट्ट बसला पाहिजे. बायकांनी ब्रेसियरच्या खालच्या कडेला लागून बांधावा, कडेवर चढू देऊ नये. कंपनीचं नाव सुलटं आणि मधोमध यायला हवं, मग पुढचं बटण (आकडा पाठवणारा सुटा सेन्सर) चेपून बसवायचं. ओलावा नसेल तर पहिली काही मिनिटं आकडा एकदम शून्यावर जातो नाहीतर १९०-२०० दाखवतो, आणि माणूस उगाच घाबरतो. मुंबईच्या घामात हा त्रास कमी. एसी खोलीत पडून राहणाऱ्यांना जास्त, कारण इलेक्ट्रोड सुकतात. नायलॉनचा कुर्ता किंवा गाऊन पट्ट्यावर घासला तरी खोटे आकडे येतात. सुती घातलं की थांबतात.

पट्ट्याला पडदा नाही, आवाज नाही, थरथर नाही. तो ब्लूटूथ आणि एएनटी प्लस (व्यायामाची घड्याळं जोडायची बिनतारी पद्धत) यांवरून आकडा पाठवतो. मर्यादा ओलांडल्यावर सूचना देणारं ॲप फोनमध्ये वेगळं घ्यावं लागतं, किंवा पट्ट्याला जोडता येणारं घड्याळ. मी घड्याळाच्या बाजूचा आहे. दादरच्या पुलावर फोनचा आवाज ऐकू येत नाही, आणि घरात दर दहा मिनिटांनी टुणटुण वाजलं की घरच्यांचाच जीव वर-खाली होतो. मनगटावरची थरथर फक्त ज्याची त्याला कळते.

पहिला आठवडा काहीही बदलू नये. नेहमीचा दिवस चालू ठेवून कुठे आकडा चढतो ते वहीत लिहावं. मुंबईच्या घरांत उत्तरं बहुतेक सारखीच येतात. पहाटे पाणी आल्यावर बादल्या भरून पिंपात ओतणं. ओट्यापाशी उभं राहून पोळ्या. छताजवळच्या दांडीवर काठीने कपडे वाळत घालणं. हात डोक्याच्या वर गेले की नाडी झपाट्याने चढते, आणि केस धुतानाही तेच होतं. कडक पाण्याची अंघोळ, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयाला जास्त पळावं लागतं. बिनलिफ्टच्या इमारतीचा जिना. आरतीला उभं राहणं.

यातल्या प्रत्येकावर उपाय आहे आणि तो बहुधा बसण्यातच आहे. बाथरूममध्ये पाठ असलेलं प्लास्टिकचं स्टूल, पाणी कोमट, अंघोळीनंतर टॉवेल गुंडाळून दहा मिनिटं आडवं. ओट्यापाशी उंच स्टूल. कणीक मळणं आणि लाटणं यांत अर्ध्या तासाचं अंतर, नाहीतर पोळ्या सरळ पोळीभाजी केंद्रातून. जिन्यावर चार-पाच पायऱ्या, मग उभ्यानेच थांबून आकडा खाली येऊ द्यायचा. लँडिंगवर एक घडीचं स्टूल कायमचं ठेवायची सोसायटीकडून परवानगी घ्यावी. पिंप भरणं दुसऱ्या कुणीतरी करावं, यात तडजोड नको. लोकलपेक्षा टॅक्सी पैशाने महाग असली तरी पुलाचे दोन जिने आणि फलाटावरचं उभं राहणं वाचतं. लोकलनेच जायचं तर दुपारी, गर्दी ओसरल्यावर.

नुसतं उभं राहिल्यावरच मर्यादा मोडत असेल तर प्रश्न वेगळा आहे, आणि पट्टा तो उघडा पाडतो ही त्याची मोठी कामगिरी. दहा मिनिटं आडवं राहून नाडी घ्यावी. मग भिंतीला खांदे टेकून, टाचा भिंतीपासून साधारण सहा इंच पुढे ठेवून, न हलता दहा मिनिटं उभं राहावं आणि दर मिनिटाला आकडा लिहावा. जवळ कुणीतरी असलंच पाहिजे. भोवळ आली तर तिथेच थांबायचं. मोठ्या माणसात नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढली आणि टिकून राहिली, रक्तदाब मात्र पडला नाही, तर पॉट्सची (उभं राहिल्यावर नाडी अवाजवी चढण्याच्या विकाराची) शंका घेतात. किशोरवयात ही रेषा ४० ची. तो कागद घेऊन फिजिशियन किंवा हृदयविकारतज्ज्ञांकडे जावं. याच्यावर उपाय आहेत: मीठ-पाणी वाढवणं, दाबाचे मोजे, औषधं. पण रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मीठ मनाने वाढवू नये.

पट्टा काय सांगत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. दोन तास आयकर भरण्याचे कागद जुळवले, घरात वाद झाला, गणपतीच्या दिवसांत बाहेर ढोल चालू राहिले, तर नाडी ७५ वर राहूनही परवा क्रॅश येऊ शकतो. डोक्याचे आणि मनाचे श्रम या यंत्राला दिसत नाहीत. म्हणून वहीत आकड्याशेजारी कामाचं नाव, वेळ आणि दोन दिवसांनंतरची अवस्था असे रकाने हवेतच. सकाळची विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा बरीच वर किंवा बरीच खाली आली तर त्या दिवशीची कामं निम्म्यावर आणावीत, अंगात बरं वाटत असलं तरी. बरं वाटणाऱ्या दिवशीच लोक सर्वाधिक अडकतात.

देखभाल सोपी आहे, पण मुंबईत चुकवून चालत नाही. काढल्यावर पुढचं बटण लगेच वेगळं करायचं. ओल्या पट्ट्यावर ते तसंच राहिलं तर त्याला वाटतं अंगावरच आहे, आणि बॅटरी संपत जाते. बॅटरी सीआर २०२५, घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळते, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार ४०० तास चालते. दिवसाला दहा तास बांधला तर महिनाभरापेक्षा थोडी जास्त. पट्टा रोज वाहत्या पाण्याखाली खळबळून पंख्याखाली सुकवावा. पावसाळ्यात कपाटात ओलसर ठेवला तर वास येतो आणि घामाच्या मिठाने बटणांचा धातू खराब होतो. ब्लीच नको, इस्त्री नको.

खरी अडचण कातडीची. मे महिन्यात दिवसभर बांधला तर पट्ट्याखाली पुरळ उठतं. दुपारी पडून असताना काढून ठेवावा. उठण्याच्या, अंघोळीच्या, स्वयंपाकाच्या वेळेला बांधावा. ज्यांचा आजार तीव्र आहे, ज्यांना स्पर्शही सहन होत नाही, त्यांना छातीवरचा घट्टपणा झेपणारच नाही. त्यांनी दंडाला बांधायचा, प्रकाशाने नाडी मोजणारा पट्टा घ्यावा. तो चार्ज करावा लागतो आणि अचूकता थोडी कमी, पण दंडावर मनगटापेक्षा आकडा बराच स्थिर मिळतो.

स्वस्त मनगटी बँडने काम भागेल का? पलंगावर असताना, सकाळची नाडी घ्यायला, हो. पण भांडी घासताना, कणीक मळताना मनगट हलतं, प्रकाशाचं मापन चुकतं आणि आकडा मागे राहतो. बरेच बँड सतत न मोजता ठरावीक वेळाने मोजतात. जिना चढून संपल्यावर आलेली सूचना काय कामाची? घरात आधीच बँड असेल तर महिनाभर तोच वापरून बघा. सूचना आल्यावर थांबायची सवय त्यावरही लागते. ती लागली नाही तर महागडा पट्टाही ड्रॉवरमध्ये जाईल.

पट्ट्याने आजार बरा होत नाही. मोठ्या माणसांत पूर्ण बरं होणं कमीच दिसतं, मुलांमध्ये त्या मानाने जास्त. क्रॅश विरळ झाले की हातात काही तास स्थिर मिळतात आणि घरच्यांना आकडा दाखवता येतो. ‘आळस आहे’ म्हणणाऱ्या घरात हे थोडं नाही. ज्यांना आकडे बघून धास्ती वाटते, दर मिनिटाला मनगट पाहावंसं वाटतं, त्यांनी मात्र घेऊ नये. त्यांना स्वयंपाकघरातला टायमर बरा: पाच मिनिटं काम, दहा मिनिटं आडवं.

घेताना छातीखालचा घेर टेपने मोजा. पट्टा लहान आणि मोठा अशा दोन मापांत येतो आणि सैल पट्टा निरुपयोगी. पट्टा आणि बटण वेगवेगळे विकत मिळतात, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांनी इलास्टिक सैल पडलं तर फक्त पट्टा बदलावा.