पुट्टीजेन: चार स्टार, एक कापला तो त्या बटणासाठी

विंडोजवरून लिनक्स सर्व्हरला जायचं म्हटलं की बरेच जण अजूनही पुट्टी हा प्रोग्रामच उघडतात, आणि त्यात चूक काही नाही, सायमन टॅथम १९९९ पासून फुकट देतोय, इन्स्टॉल पण करावं लागत नाही, फाईल डबलक्लिक केली की चालू. पासवर्ड सोडून एसएसएच की (सर्व्हरला ओळख पटवणारी जोडी: प्रायव्हेट की आपल्याकडे, पब्लिक की सर्व्हरवर) वापरायची तर ती बनवणारं सोबतचं पुट्टीजेन घ्यायचं. जनरेट दाबायचं आणि रिकाम्या चौकोनात माऊस गरागरा फिरवत बसायचं, त्यातून ते रँडमपणा गोळा करतं (लहान मुलांना हे काम फार आवडतं). कीचा प्रकार ईडी२५५१९ निवडा, पासफ्रेज (म्हणजे कीचा स्वतःचा पासवर्ड) टाका, पेजंट या पुट्टीसोबतच्या, की लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये की लोड केली की परत परत टाईप करायला नको.

आता वैताग. 'सेव्ह पब्लिक की' बटण दिसतं म्हणून माणूस तेच दाबणार ना, पण त्यातून निघते बऱ्याच ओळींची फाईल जी सर्व्हरच्या ऑथराइज्ड कीज फाईलमध्ये (कोणाला आत घ्यायचं त्या पब्लिक कीजची यादी) चालतच नाही, तिथे वरच्या बॉक्समधली ती लांबलचक एकच ओळ कॉपी करून टाकायची असते. इतक्या वर्षांत बटणाशेजारी दोन शब्द लिहायला काय हरकत होती? प्रायव्हेट की पण पुट्टीच्या स्वतःच्या पीपीके फॉरमॅटमध्ये, ओपनएसएसएचला (लिनक्सवर सर्रास असतो तो एसएसएच प्रोग्राम) द्यायची तर कन्व्हर्जन्स मेनूतून एक्सपोर्ट करा.

आणि जुनं व्हर्जन असेल तर आधी बघा. ०.६८ ते ०.८० मध्ये पी-५२१ या दुसऱ्या प्रकारच्या कीजचा घोळ होता, लॉगिन करताना की ज्या डिजिटल सह्या करते त्या साधारण ६० हाती लागल्या की प्रायव्हेट की काढता यायची. २०२४ मध्ये ०.८१ ने दुरुस्त केलं, पण नुसता अपडेट पुरत नाही, तसली की सर्व्हरवरूनच उडवावी लागते. ईडी२५५१९ ला काही झालं नव्हतं.

नवीन माणसाला मात्र मी पुट्टी सांगणार नाही. २०१८ पासून विंडोज १० मध्ये ओपनएसएसएच आलेलंच आहे, टर्मिनलमध्ये एसएसएच-कीजेन ही कमांड मारली की की तयार. फक्त पब्लिक की सर्व्हरवर पोचवणारी लिनक्समधली एसएसएच-कॉपी-आयडी कमांड तिथे नाही, पब्लिक की हातानेच चिकटवावी लागते, आणि सर्व्हरवर एसएसएचच्या फोल्डरला ७००, ऑथराइज्ड कीज फाईलला ६०० परमिशन (म्हणजे फक्त मालकालाच प्रवेश) द्या, परमिशन फार ढिली असली तर सर्व्हर की घेत नाही आणि गुपचूप पासवर्डच मागत बसतो. पासवर्ड लॉगिन बंद करताना चालू विंडो बंद करू नका, दुसऱ्या विंडोतून की ने आत जाता येतंय ते बघा आणि मगच पहिली बंद करा.