सही जुळत नव्हती, आणि मी गप्प बसलो

मुलीच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी एका एजंटला दिले आणि बुडाले ते एकूण ३,२२,५०० रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या घरात अजून तो कोणी मोठ्याने उच्चारत नाही.

मुलगी ऐरोलीला आयटीत आहे. प्रोजेक्टसाठी वर्षभर ओहायोतल्या कोलंबसला होती, तिथे जुळलं. मुलगा अमेरिकन नागरिक, जन्मच तिकडचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आईवडिलांना घेऊन तो ठाण्यात आला. साखरपुडा झाला. गुरुजींनी याद वाचली आणि त्यावर त्याने डाव्या हाताने झोकात सही ठोकली. ती सही लक्षात ठेवा.

त्याच दिवशी जेवताना तो मुलीला म्हणाला, व्हिसाचा फॉर्म मी भरतो, फार अवघड नाही. तिने मला मराठीत सांगितलं. मी काय म्हणालो? ‘त्यांनी कशाला त्रास घ्यायचा? मुलीकडचं काम आहे, आम्ही बघतो.’ मुलीचा बाप म्हणून ताठ मानेने बोललो. त्या ताठ मानेची किंमत वर लिहिली आहे.

गोखले रोडपासून दोन मिनिटांवर एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्या व्हिसा एजंटचं ऑफिस होतं. एसी, काचेचं दार, भिंतीवर व्हिसा मिळालेल्यांचे फोटो. सल्ल्याचे २,५०० घेतले आणि वीस मिनिटं बोलला. गंमत म्हणजे जे बोलला ते खरं होतं. लग्नाआधी न्यायचं तर के-१, म्हणजे वाग्दत्त वधूचा व्हिसा. तिकडे पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करायचं. इथेच लग्न करून न्यायचं तर आय-१३०, म्हणजे नवरा-बायकोच्या नात्यावरचा अर्ज, भरायचा, त्यात मुलगी ग्रीन कार्डवरच उतरते. के-१साठी दोघं गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेले हवेत. तर ते भेटलेलेच होते, फोटो होते. एवढं बरोबर बोलणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं वाटलं. नेटवर वाचलं तेही जुळत होतं. तुम्हाला काय वाटलं असतं?

मग हप्ते. मे २०२४, फाइल उघडण्याचे ३५,०००. जून, ‘अमेरिकन सरकारची फी’ १,१२,०००. खरी फी एप्रिल २०२४ पासून ६७५ डॉलर आहे, तेव्हाच्या भावाने छप्पन-सत्तावन्न हजार. मी विचारलं तर म्हणाला, काका, त्यात तिकडच्या वकिलाचे पैसे आले. जुलैत ‘एक्स्पेडाइट’चे ८५,०००. या अर्जाला जादा पैसे भरून पुढे जायची सोयच नाही. लवकर करा अशी विनंती करता येते, तिला फी नसते, आणि सबळ कारणाशिवाय ती मान्य होत नाही. ऑगस्टमध्ये कागदपत्रांचे २८,०००. सप्टेंबरमध्ये बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीच्या ‘स्लॉट’चे ६०,०००, रोख, बिनपावतीचे. १,१२,००० फर्मच्या खात्यात नव्हे, एका बाईच्या बचत खात्यात टाकायला लावले होते. तेही मी स्वतः एनईएफटीने पाठवले. मी!

आता सांगतो ते सांगायची लाज वाटते. मी बत्तीस वर्षं बँकेत होतो, त्यातली अकरा चेक पास करण्याच्या टेबलावर. नमुना सही आणि चेकवरची सही शेजारी धरायच्या, फरक दिसला की ‘सही जुळत नाही’ लिहून चेक परत. ओळखीच्या माणसांचेसुद्धा परत केलेत, शिव्या खाल्ल्यात. जुलैत त्या एजंटने माझ्यापुढे भरलेला आय-१२९एफ, म्हणजे के-१चा अर्ज, ठेवला. शेवटी अर्जदाराची, म्हणजे आमच्या जावयाची सही. उजवीकडे कललेली, गोल गोल, शाळेतल्या सुलेखनासारखी. यादीवरची सही डावीकडे झुकलेली होती, शेपटी वर उडालेली. मला दिसलं हो. पाच सेकंदांत दिसलं. नजर तिथे थांबली, त्यालाही ते कळलं, आणि तो म्हणाला, ‘साहेब, पॉवर ऑफ ॲटर्नीवर आपण करतो, सगळे तेच करतात.’ शेजारी ही बसली होती, चहा आला होता, तोवर दीड लाखाच्या घरात पैसे गेले होते. मी चष्मा पुसला आणि पान उलटलं.

पॉवर ऑफ ॲटर्नीवर तिथे सही चालत नाही. अर्ज त्या नागरिकाचा, सही त्याचीच लागते. ठाण्यात बसून दुसऱ्या कोणाला तो करताच येत नाही. एजंटने फॉर्म टाइप करून दिला तर ते टायपिंग, आणि कोरा फॉर्म तर सरकारी साइटवर फुकट मिळतो.

एजंटने अर्जाचा पावती नंबर दिला होता. तीन अक्षरं, दहा आकडे, अगदी बरोबर. साइटवर टाकला तर ‘केस मिळाली’ असं आलं. घरी पेढे आणले. त्याच वाक्यात पुढे फॉर्मचा नंबर होता, आय-७६५. तो वर्क परमिटचा अर्ज, भलत्याच कोणाचा तरी. आम्ही ठळक अक्षरं वाचली, बारीक वाचलीच नाहीत. मुलगी म्हणते, बाबा, मी रात्रपाळी करून आले होते. मी तिला काही बोललो नाही. कोणत्या तोंडाने बोलणार?

नोव्हेंबरमध्ये जावयाने सहज विचारलं, माझ्या सहीचे कागद कधी येणार? तिने सांगितलं, सही तर झाली. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. त्याने फॉर्मचा फोटो मागवला, नंबर तपासला, आणि दोन तासांत सगळं बाहेर आलं. आठवड्याभरात गोखले रोडवर गेलो तर काचेच्या दाराला कुलूप आणि जिन्यात आणखी दोन कुटुंबं.

पोलिसांचं काय सांगू! ऑफिस नौपाड्यात, आम्ही घोडबंदरला, पैसे गेले ते खातं पनवेलच्या शाखेतलं, म्हणजे नवी मुंबई पोलिस. प्रत्येकाने हद्द दुसऱ्याची दाखवली. हद्द कोणाचीही असो, गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो, झिरो एफआयआर त्यालाच म्हणतात. हे मी वाचून गेलो होतो. म्हटलं तर साहेब म्हणाले, ‘काका, तुम्ही वकील आहात का?’ मग पेच कायद्याचा. १ जुलै २०२४ला नवा फौजदारी कायदा लागू झाला. मे-जूनचे पैसे त्याआधीचे, म्हणून जुन्या दंडविधानाचं ४२०. बाकीचे नंतरचे, म्हणून न्याय संहितेचं ३१८. यावर दोघांची अर्धा तास चर्चा झाली आणि शेवटी मला सांगितलं, हे दिवाणी आहे, ग्राहक आयोगात जा. १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तिथलं उत्तर: तुम्ही स्वतः ऑफिसात जाऊन व्यवहार केलात, म्हणजे सायबर नाही, आणि इतक्या महिन्यांनी पैसे अडवता येत नाहीत. ही दुसरी गोष्ट मात्र खरी आहे: ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात फोन करा. वकिलातीला मेल केला, खासगी एजंटशी आमचा संबंध नाही असं सभ्य उत्तर आलं. निदान उत्तर आलं. ठाण्यातल्या एका हवालदाराने तर विचारलं, ‘मुलगी अमेरिकेला चाललीय, तीन लाखांनी काय बिघडलं तुमचं?’ माझी ग्रॅच्युइटी होती ती, रावसाहेब. सहा फेऱ्यांनंतर तक्रार अर्जाच्या प्रतीवर एक शिक्का मिळाला आहे. एफआयआर नाही.

एजंटच्या पावतीवरचा जीएसटी नंबर २४ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा २७ने होतो. पोर्टलवर फुकट तपासता येतो, मी डिसेंबरात तपासला. रद्द झालेला.

नात्यातला मुलगा ग्रीन कार्डवर असेल, नागरिक नसेल, आणि कोणी के-१ सुचवत असेल तर तिथूनच उठा. तो फक्त नागरिकाच्या वाग्दत्त वधूला किंवा वराला मिळतो. लग्न रजिस्टर झालं असूनही ‘के-१च टाकू, लग्न दाखवायचं नाही’ म्हणणारा तर मुलीला कायमचं अडकवेल. तिकडे खोटं पकडलं गेलं तर दार कायमचं बंद होऊ शकतं. पोलिस क्लिअरन्स वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात ५०० रुपयांत होतं, आम्ही त्या २८,०००मध्ये तेही धरून दिलं होतं.

२०२५च्या जूनमध्ये विशेष विवाह कायद्याखाली ठाण्यातच रजिस्टर लग्न केलं. तीस दिवसांची नोटीस लागली, मुलगी इथलीच राहणारी म्हणून सोपं गेलं. जावयाने परत जाऊन घरच्या टेबलावर बसून आय-१३० ऑनलाइन भरला, ६२५ डॉलर, स्वतःच्या कार्डाने. पावतीचा स्क्रीनशॉट आला तेव्हा मुलीने आधी फॉर्मचा नंबर मोठ्याने वाचला, मग बाकीचं. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘सही बघा.’

जिन्यात भेटलेली ती दोन कुटुंबं आणि नंतर सापडलेली तिसरी, असे आम्ही चौघे आता एकत्र तक्रार देतोय. त्याच ऑफिसात कोणी पैसे भरले असतील तर पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, त्याचे व्हॉट्सॲपचे मेसेज, काही पुसू नका. दर शनिवारी सकाळी दहाला आम्ही गडकरी रंगायतनच्या बाहेर भेटतो. मी फाइल हातात घेऊन उभा असतो, हिरव्या रंगाची.