विकायला काढलेली माझी ट्रेल बाइक: कुठल्या भागानं पैसे परत दिले, कुठल्यानं नाही

ही ट्रेल बाइक, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर चालवायची सायकल, मी २०१८मध्ये नवीकोरी घेतली आणि २०२४मध्ये विकली. कार्बन फ्रेम, मीडियम साइझ, २९ इंची चाकं, पुढे १५० आणि मागे १४० मिलिमीटर ट्रॅव्हल (धक्का बसल्यावर चाक जेवढं वर सरकू शकतं ते अंतर), फॉक्स ३६ फोर्क (पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग), श्रॅमचा जीएक्स ईगल बारा गिअरचा सेट, शिमानो एक्सटीचे चार पिस्टनवाले ब्रेक. नवी असताना ती चढाला कशी आणि उताराला कशी, यावर भरपूर लिहून झालंय. सहा वर्षं चिखल-दगडांतून फिरून ती गिऱ्हाइकासमोर उभी राहिली तेव्हा तिच्यातलं काय टिकलं, ते मात्र मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

रकमेचे आकडे देत नाही. नवी घेताना मी मोजलेले पैसे म्हणजे १०० धरा. शेवटी सायकल गेली ३३ला. पहिल्यांदा मी मागितले होते ४८, आणि तीन आठवड्यांत एकही धड फोन आला नाही.

ते ४८ कुठून आले, तर २०२१ माझ्या डोक्यात बसलं होतं. साथीच्या काळात सायकली मिळेनाशा झाल्या होत्या, सुट्या भागांसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत होतं. तेव्हा एकानं मला ८५ देऊ केले होते. तीन वर्षं वापरलेल्या सायकलला! मी नाही म्हटलं, कारण विकून दुसरी आणायची कुठून? पण तो आकडा मनातून गेला नाही. पुढे कंपन्यांनी भरमसाट माल बनवला, मागणी ओसरली, आणि २०२३-२४मध्ये गोदामं रिकामी करायला नव्या सायकलींवर मोठाल्या सवलती लागल्या. माझ्या सायकलच्या तोडीची कोरी सायकल, माझ्याच हिशोबात, ६५ला मिळत होती. तीही हमीसकट.

म्हणजे माझी स्पर्धा माझ्या जुन्या बिलाशी नव्हतीच, ती त्या ६५शी होती. आणि घेणारा ६५मधून एकेक गोष्ट वजा करत येतो. फ्रेमची आजीवन हमी बहुतेक कंपन्या पहिल्या मालकालाच देतात, त्यामुळे ती गेली. जॉमेट्री, म्हणजे फ्रेमचे कोन, जुनी: माझ्या फ्रेमचा हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कोन) ६६.५ अंश, हल्लीच्या ट्रेल बाइक ६५च्या आसपास. सीट ट्यूबचा (खोगिराखालच्या नळीचा) कोन माझा ७४, आताचे ७६-७७. चढावर बसल्यावर हा फरक मांड्यांना कळतो, आणि ज्यानं एकदा नवी चालवून पाहिलीय त्याला तो विसरता येत नाही. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी पहिली जाहिरात काढून टाकली.

दुसऱ्यांदा किंमत ठरवताना मी एकच बदल केला: लोक काय मागतात ते बघायचं सोडून किती किमतीला खरोखर गेली ते शोधत बसले. जाहिरातीतली किंमत ही मालकाची इच्छा असते. महिनाभर जी जाहिरात हलत नाही तिचा आकडा उपयोगाचा नाही, जी चार दिवसांत निघून जाते तिचा आहे. माझ्या वर्षाच्या आणि साधारण त्याच दर्जाच्या सायकली ३० ते ३६च्या मध्ये जात होत्या. मी ३८ लावले. घासाघीस होणारच, तेवढी जागा ठेवून.

आता एकेका भागाकडे येते.

सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो फोर्क, आणि त्याचं कारण एक वही. फॉक्स आपल्या फोर्कची पूर्ण सर्व्हिस दर १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा करायला सांगते. मी पहिल्या वर्षापासून तास लिहून ठेवत आले. प्रत्येक राइडनंतर तारीख, तास, चिखल होता की कोरडं, आणि काही बदललं असेल तर ते. सर्व्हिसच्या पावत्या त्याच वहीत स्टेपल केलेल्या. विकायच्या आधी वीसेक राइड-तासांपूर्वीच फोर्क आणि शॉक (मागच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग) दोन्ही उघडून साफ करून, नवे सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) घालून घेतले होते. त्याला मी ४ मोजले. ते वसूल झाले का? मला वाटतं, झाले. ज्या सायकलची सर्व्हिस कधी झाली ते सांगता येत नाही तिच्यातून घेणारा दोन्हीचा खर्च वजा करतो, आणि वर न दिसणाऱ्या बिघाडाची भीती म्हणून आणखी थोडे.

फोर्कच्या सोनेरी नळीवर एक ओरखडा होता. उजव्या बाजूला, क्राउनच्या (दोन नळ्या वर जोडणाऱ्या भागाच्या) खाली दोन बोटांवर. मी तो जाहिरातीत वेगळ्या फोटोत दाखवला, शेजारी नाणं ठेवून. बघायला आलेल्यांपैकी एकानं तो पाहताच पाच कमी करायला सांगितले. मी त्याला नख फिरवून बघायला लावलं. नख अडकलं तर कड उठलेली आहे, ती सील कापते आणि तेल गळायला लागतं. इथे नख सरळ निघून गेलं. शिवाय ओरखडा इतका वर की फोर्क जवळजवळ पूर्ण दबल्याशिवाय तो भाग सीलपर्यंत पोहोचतच नाही. तोच ओरखडा खाली, सीलच्या वर तीन-चार सेंटिमीटरवर असता, तर मी स्वतःच पाच कमी केले असते.

सायकलचे भाग सुटे करून विकले तर जास्त मिळतील, असं मला दोघातिघांनी सांगितलं. हिशोब करून पाहिला. फोर्कची फ्रेममधून वर हँडलकडे जाणारी नळी, स्टिअरर, माझ्या मीडियम फ्रेमच्या मापानं कापलेली होती, १७० मिलिमीटर. लार्ज फ्रेमवाल्याला साधारण १९० तरी लागते. म्हणजे गिऱ्हाईक निम्मं झालं. ज्यांना फोर्क सुटा विकायचाय त्यांनी जाहिरातीच्या पहिल्या ओळीत स्टिअररची लांबी लिहावी, पुढचे शंभर प्रश्न वाचतात. आणि फ्रेम एकटी? ती पडून राहिली असती. मागचा एक्सल १४८ मिलिमीटरचा बूस्ट, हे सर्रास चालणारं माप, ते चांगलं. पण श्रॅमनं २०१९मध्ये आणलेला यूडीएच हँगर, म्हणजे डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) फ्रेमला लावायचा सामाईक मापाचा तुकडा, तिला नाही. २०२३मध्ये आलेले श्रॅमचे ट्रान्समिशन डिरेलर थेट फ्रेमवर बसतात, आणि त्यांना यूडीएचसाठी बनवलेलीच फ्रेम लागते. माझ्या फ्रेमवर ते कधीच बसणार नाहीत. नुसती फ्रेम घेऊन वर नवे भाग चढवणारा माणूस हे आधी विचारतो. पूर्ण सायकल घेऊन ईगलवरच समाधानी असणारा विचारतही नाही. मी सायकल अख्खीच ठेवली.

अपवाद फक्त चाकांचा, आणि इथेच माझं सगळ्यात मोठं नुकसान आहे. चौथ्या वर्षी मी कार्बनची चाकं घातली. २२ मोजले. तेव्हा वाटलं, विकताना उपयोगी पडतील. पडत नाहीत. वर्षाप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे किंमत बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मूळ सायकल असते, त्यावर तुम्ही काय चढवलंत याचे तो फार तर चार-पाच जास्त देतो. मी जुनी ॲल्युमिनियमची चाकं परत बसवली (ती जपून ठेवली होती हे नशीब) आणि कार्बनची वेगळी विकायला काढली. ती ९ला गेली. तेही हबवर श्रॅमचा एक्सडी ड्रायव्हर (मागची दातेरी चक्रं बसतात तो भाग) होता म्हणून त्याच गटाचं गिऱ्हाईक; शिमानोच्या मायक्रो स्प्लाइनवाल्यांना ड्रायव्हर बदलावा लागला असता. ज्यांना अशी चाकं हवीशी वाटतात त्यांनी चालवायच्या आनंदासाठी जरूर घ्यावीत, मी दोन वर्षं तो घेतला. परत मिळतील म्हणून घेऊ नयेत.

चेन आणि कॅसेटचं उलटं झालं. चेन मोजायची पट्टी ०.५ टक्के झीज दाखवायला लागली की बारा गिअरची चेन बदलायची, हा नियम मी मोडला नाही. तीन चेन झाल्या, कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) मूळचीच, आणि नवी चेन घातल्यावरही दाताला दात बरोबर लागत होता. कॅसेटची किंमत चेनच्या कितीतरी पट असते, त्यामुळे इथे जपलेले पैसे थेट किमतीत दिसले. ब्रेकच्या रोटरवर (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर) कंपनीनं किमान जाडी कोरलेली असते, माझ्या रोटरवर १.५ मिलिमीटर. नवे असताना १.८. मोजून १.६५ भरले, तो आकडा मी जाहिरातीत टाकला. असे आकडे टाकल्यावर फोन कमी आले, पण जे आले ते समजून-उमजून आले.

ड्रॉपर पोस्टवर (चालवताना खोगीर वर-खाली करता येणाऱ्या दांड्यावर) मात्र माझं दुर्लक्ष झालं होतं. पूर्ण वर केला तरी बसल्यावर बोटभर खाली दबायचा. मी तसं लिहिलं, आणि २ तिथेच गेले. आधीच दुरुस्त केला असता तर एकात भागलं असतं.

दुकानात देऊन टाकायचा मार्गही पाहिला. एका दुकानानं जुनी घेऊन नवीवर वजावट म्हणून १८ सांगितले. दुकानाला ती उघडावी लागते, भाग बदलावे लागतात, महिनोन्‌महिने ठेवावी लागते, विकल्यावर काही बिघडलं तर ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे आकडा कमी असणार हे मी धरलं होतं. मला लागलं ते दुसरंच. त्यांच्या माणसानं सायकल उचललीसुद्धा नाही. वर्ष विचारलं, यादीत बोट फिरवलं, आकडा सांगितला. वही मी पुढे केली तर म्हणाला, “याचं आमच्याकडे काही नाही.” सहा वर्षं सांभाळलेली आणि सहा वर्षं पावसात टाकलेली सायकल त्याच्यासाठी एकच. ज्यांची सायकल खरंच दुर्लक्षित आहे, किंवा ज्यांना अनोळखी लोकांशी बोलायचंच नाही, त्यांना हा मार्ग सोयीचा. मी वही पिशवीत घातली आणि निघाले.

शेवटी ज्यानं घेतली तो तेविशीचा मुलगा, बहिणीला घेऊन आला होता. आल्याआल्या किमतीचं काही बोलला नाही. पहिला प्रश्न, “ताई, शॉकला हवा किती ठेवता?” मला तेव्हाच बरं वाटलं. मी सांगितलं, माझं वजन ५८ किलो, त्या हिशोबानं १५५ पीएसआय. तो ७२ किलोचा, त्याला जास्त लागणार. मग त्यानं सायकल तपासली, आणि तपासताना मी त्याच्याकडून शिकले. खोगीर धरून मागचा भाग हलकेच वर-खाली केला, दुसऱ्या हाताचं बोट लिंकेजच्या (मागचा हलता भाग फ्रेमला जोडणाऱ्या दुव्यांच्या) सांध्यावर ठेवून. बेअरिंग सैल असेल तर बोटाला टकटक लागते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली, हेडसेट (हँडलखालची बेअरिंग) सैल आहे का ते बघायला. मग खिशातून नाणं काढलं.

डाउन ट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर) खालच्या बाजूला दगड लागून रंग उडालेला होता. संरक्षक फिल्म मी त्याच्या येण्याआधीच काढून ठेवली होती, कारण फिल्मखाली काय आहे हा प्रश्न कोणाच्याही मनात येणारच. तो नाण्यानं टिचक्या मारत गेला. टण्, टण्, टण्, आणि बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा दांडा फिरतो तिथे) एकदम मंद, ठस्स. आम्ही दोघंही थांबलो. माझ्या पोटात गोळा आला. त्यानं शांतपणे दुसऱ्या बाजूला त्याच जागी वाजवलं. तिथेही तसाच ठस्स. तिथे कार्बनचे थरच जाड असतात, आवाज बदलणारच. डावी-उजवी सारखी वाजली तर चिंता कमी. रंग उडालेल्या जागेभोवती मात्र त्यानं चार बाजूंनी वाजवलं, कापड ओलं करून पुसलं, टॉर्च तिरपी धरून रेघ दिसते का बघितलं. दिसली नाही.

फेरी मारायला देताना मी त्याच्या दुचाकीची किल्ली मागितली. त्याला राग आला नाही, बहीणही थांबली. मूळ बिल आणि बॉटम ब्रॅकेटखालचा सिरियल नंबर जुळवून दाखवला. चोरीची सायकल महागड्या किमतीला घेण्याची भीती घेणाऱ्याला असतेच, आणि ती बोलून न दाखवता तो मनातल्या मनात किंमत कमी करतो. तो ३१ म्हणाला. मी ३५वर होते. त्यानं वही मागितली, दहा मिनिटं उभ्या-उभ्या चाळली, बहिणीला एक पान दाखवलं, आणि ३३ म्हणाला. मी हो म्हटलं.

पंधरा दिवसांनी त्याचा मेसेज आला. मागचा ब्रेक मऊ लागतोय, घरीच ब्लीड करतोय, म्हणजे ब्रेकमधली हवा काढतोय. “मिनरल ऑइलच ना, ताई?” मी लगेच फोन केला. हो, शिमानोला मिनरल ऑइलच. डॉटची (दुसऱ्या प्रकारच्या ब्रेक तेलाची) बाटली जवळपासही नको, सील फुगून ब्रेक कायमचा जाईल. आणि झाल्यावर वहीत तारीख लिही.