एएईला प्रायर कुठला द्यायचा: साधा गॉसियन की दहा पाकळ्या?

अ‍ॅडव्हर्सेरियल ऑटोएन्कोडर (एएई) करायला घेतला की नेटवर्कपेक्षा जास्त वेळ प्रायर ठरवण्यात जातो, निदान माझा तरी गेला. यात एन्कोडर चित्राचा थोडक्या संख्यांचा कोड करतो, डिकोडर कोडवरून चित्र परत काढतो, आणि डिस्क्रिमिनेटर कोड नि प्रायरमधले सॅम्पल यांतला फरक पकडायला बघतो. प्रायर म्हणजे कोड कसे पसरावेत याचा आपण आधी ठरवलेला साचा. व्हीएईमध्ये (व्हेरिएशनल ऑटोएन्कोडर) केएल टर्म, म्हणजे कोडचा पसारा प्रायरपासून किती वेगळा आहे याचं माप, काढायची असते म्हणून प्रायर सूत्रात बसणारा लागतो, इथे ती अडचण नाही, ज्यातून सॅम्पल काढता येतात असा कुठलाही प्रायर चालतो. २०१५ च्या मूळ पेपरात मखझानी आणि मंडळींनी साधा गॉसियन (मधे दाट, कडेला विरळ असा एकच पुंजका), दहा गॉसियनचं मिश्रण (म्हणजेच दहा पाकळ्या) आणि गुंडाळीसारखा स्विस रोलसुद्धा वापरून दाखवलाय. स्विस रोल दिसतो छान, पण मला कामाला कधी लागला नाही, त्यामुळे खरा प्रश्न पहिल्या दोघांचाच.

मी मिश्रणाने सुरुवात केली. एमनिस्ट (हाताने लिहिलेल्या ० ते ९ आकड्यांची चित्रं), दोन डायमेन्शनचा कोड, लेबल नाहीत, आकडे दहा तर पाकळ्या दहा. प्लॉट आला तेव्हा पाकळ्या सुरेख भरलेल्या होत्या, मग आकड्यांप्रमाणे रंग दिले तर उभे १ एका पाकळीत, तिरके १ शेजारच्या पाकळीत ७ ला चिकटून, आणि ४ नि ९ एकाच ठिकाणी. सीड (रँडम सुरुवात ठरवणारा आकडा) बदलला की वाटणी वेगळी.

आधी वाटलं ट्रेनिंग कमी पडलं. पण हिशोब मांडला तेव्हा कळलं की गोची प्रायरमध्येच आहे. सगळ्या पाकळ्यांचं वजन सारखं, म्हणजे ६०,००० चित्रांपैकी प्रत्येकीला ६,००० हवीत, आणि ट्रेनिंग सेटमध्ये १ आहेत ६,७४२, ५ आहेत ५,४२१. एन्कोडर कितीही चांगला शिकला तरी ते वरचे सातशे-साडेसातशे १ दुसरीकडे ढकलावेच लागतात, नाहीतर ५ ची पाकळी विरळ दिसते आणि डिस्क्रिमिनेटर लगेच पकडतो. एमनिस्ट तरी बऱ्यापैकी समतोल आहे, माझ्या कामाच्या डेटात एकच प्रकार निम्म्याहून जास्त होता, तो पाच-सहा पाकळ्यांत वाटला गेला आणि मी त्या तुकड्यांना उपप्रकार समजून आठवडाभर त्यांच्यातला फरक शोधत बसलो. फरक नव्हताच, कोटा भरायचा होता म्हणून केलेली वाटणी होती ती. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

गॉसियनमध्ये असा कोटा नसतो. त्याचीही कटकट आहे, दोन डायमेन्शनमध्ये सगळे प्रकार मधोमध येऊन दाटी करतात आणि तिथून काढलेलं चित्र धड ३ नसतं धड ८ नसतं. पण एका कोडवरून दुसऱ्याकडे सरकताना चित्र हळूहळू बदलत जातं, पाकळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत मात्र डिकोडरने ट्रेनिंगमध्ये जवळपास काही पाहिलेलंच नसतं, तिथे मला नुसते डाग मिळाले. डायमेन्शन वाढवले की दाटी कमी होते, फक्त मग दोन कोडची सरळ सरासरी काढू नका: ६४ डायमेन्शनमध्ये सॅम्पल केंद्रापासून साधारण ८ अंतरावर असतात आणि दोघांचा मध्यबिंदू ५.७ च्या आसपास येतो, जिथे प्रायरचं सॅम्पल जवळजवळ कधीच पडत नाही. त्या ८ अंतराच्या गोलावरून वळसा घेऊन गेलं की भागतं.

मिश्रण वाईट आहे असं नाही हां. लेबल हाताशी असतील आणि डिस्क्रिमिनेटरला कोडबरोबर वन-हॉट लेबलही (त्या प्रकाराच्या जागी १, बाकी सगळीकडे ०) दिलं तर प्रत्येक पाकळीची तुलना आपल्याच प्रकाराशी होते, कोट्याचा त्रास उरत नाही, तिथे मीसुद्धा मिश्रणच घेईन. प्रकारांचं प्रमाण आधीच माहीत असेल तर पाकळ्यांना तशी वजनं देऊन बघता येईल, मला ते माहीत नव्हतं.

लेबल नसतील तर मात्र मी गॉसियन घेतो आणि क्लस्टर नंतर कोडवर वेगळे काढतो. त्याच डेटावर असं केल्यावर तो मोठा प्रकार एकच मोठा पुंजका म्हणून आला, बाजूला एक बारीक शेपटी होती, आणि ती उघडून एकेक चित्र पाहिलं तर खरा वेगळा उपप्रकार तिथे होता.