यी २ ची विजेट्स काही महिने वापरल्यावर: बाकी ठीक, पण त्या ‘डब्ल्यू०’ने वैताग आणला

यी २ हे पीएचपीचं फ्रेमवर्क, आणि विजेट म्हणजे त्यात पानाचा एखादा भाग बनवणारा क्लास. त्याचं इनिट, रन, बिगिन-एंड हे वाचणाऱ्यांना पाठ असणारच, ते उगाळत बसत नाही. क्लास लिहायचा, पब्लिक प्रॉपर्टी ठेवायच्या, रनमधून स्ट्रिंग परत द्यायची. इतकं सरळ असूनही एवढं लांबण लावायचं कारण एक बिघाड.

ऑर्डरींची यादी ग्रिडव्ह्यू या तक्त्याच्या विजेटमध्ये. ओळीवरच्या ‘बदला’ बटणावर क्लिक केलं की मोडलमध्ये (पानावरच उघडणाऱ्या चौकटीत) एजॅक्सने, म्हणजे पान पुन्हा न उघडता, अ‍ॅक्टिव्हफॉर्म येतो. फॉर्म दिसतो, भरता येतो, पण सक्तीचा रकाना रिकामा सोडला तरी ब्राउझरमध्ये सूचना येत नाही. सेव्ह दाबलं की माल थेट सर्व्हरवर. कन्सोलमध्ये लाल ओळ नाही. तोच फॉर्म स्वतंत्र पानावर उघडला की एकदम शहाण्यासारखा वागतो.

अशा वेळी पहिला संशय रेंडरपार्शलवर, म्हणजे लेआउटशिवाय पानाचा तुकडा देणाऱ्या मेथडवर जातो, आणि जायलाच हवा. रेंडरपार्शल फक्त एचटीएमएल देतो; विजेटने रजिस्टरजेएसने नोंदवलेली स्क्रिप्ट त्यात येत नाही. रेंडरएजॅक्स वापरला तर ती उत्तराच्या शेवटी जोडून येते. नेटवर्क टॅबमध्ये उत्तराचं शेपूट बघितलं की हा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. इथे स्क्रिप्ट येत होती. म्हणजे रोग दुसरा.

विजेटला आयडी दिला नाही तर गेटआयडी स्वतः एक बनवतो: ‘डब्ल्यू’ हे अक्षर आणि पुढे स्टॅटिक काउंटरचा आकडा. डब्ल्यू०, डब्ल्यू१, डब्ल्यू२. हा काउंटर जगतो एका रिक्वेस्टपुरता. मूळ पानावर ग्रिडला डब्ल्यू० मिळाला. मोडलची रिक्वेस्ट वेगळी, काउंटर पुन्हा शून्यावर, म्हणून फॉर्मही डब्ल्यू०. आता फॉर्मसोबत आलेली स्क्रिप्ट ‘डब्ल्यू० ला व्हॅलिडेशन (रकान्यांची तपासणी) लाव’ म्हणते, आणि जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आयडीने शोधताना पहिला सापडेल तो उचलते. पहिला म्हणजे ग्रिडचा डिव्ह. व्हॅलिडेशन इमानदारीत ग्रिडला चिकटतं, फॉर्म कोरडाच राहतो. चूक कुठेच नाही म्हणून एररही कुठेच नाही! कन्सोलमध्ये क्वेरीसिलेक्टरऑलने डब्ल्यू० मोजा. उत्तर २ आलं की समजायचं.

हाच आयडी आणखी दोन ठिकाणी दगा देतो. एक, सीएसएस. कंट्रोलरचा रेंडर आधी व्ह्यू (पानाचा मजकूर) चालवतो आणि मग लेआउट (त्याभोवतीचा सांगाडा), त्यामुळे लेआउटमधल्या नॅव्हबारचा नंबर व्ह्यूमध्ये किती विजेट्स आहेत त्यावर ठरतो. एका पानावर डब्ल्यू२, दुसऱ्यावर डब्ल्यू५. स्टाइलशीटमध्ये हा आयडी लिहून ठेवणाऱ्याने पुढच्या माणसासाठी खड्डा खणला असं समजा. दोन, फ्रॅगमेंट कॅश, म्हणजे पानाचा तयार तुकडा साठवून ठेवणं. कॅशमधून तुकडा आला की त्यातल्या विजेट्सचा रन चालतच नाही. काउंटर पुढे सरकत नाही, पण कॅशमधल्या एचटीएमएलमध्ये जुना डब्ल्यू३ कोरलेला असतो, आणि खालच्या ताज्या विजेटलाही डब्ल्यू३ मिळतो. शिवाय रन चालला नाही म्हणजे त्याची स्क्रिप्टही नोंदली गेली नाही. पहिल्यांदा पान उघडलं की चालतं, रिफ्रेश केलं की बंद. हा प्रकार तर भुताटकीच वाटतो.

इथवर मत असं होतं की पाचपैकी दोन तारे द्यावेत आणि गप्प बसावं. सोर्स उघडल्यावर ते थोडं सौम्य झालं. पीजॅक्स (पानाचा एक भागच एजॅक्सने बदलणारं विजेट) याच्या क्लासमध्ये काउंटर वेगळा ठेवलाय आणि अक्षर ‘पी’ केलंय, म्हणून पीजॅक्सचे डबे पी०, पी१ असे येतात. म्हणजे ही खोड बनवणाऱ्यांना माहीत आहे आणि आपल्यासाठी दार उघडं आहे: ऑटोआयडीप्रीफिक्स, म्हणजे आयडीच्या सुरुवातीचं अक्षर, पब्लिक स्टॅटिक आहे, बदलता येतो.

एजॅक्सने विजेट देणाऱ्या अ‍ॅक्शनमध्ये, रेंडरएजॅक्सच्या आधी, यी\बेस\विजेटच्या ऑटोआयडीप्रीफिक्समध्ये एखादं अक्षर आणि पीएचपीच्या युनिकआयडीने बनवलेला तुकडा घाला. सुरुवात अक्षरानेच करा. आयडी आकड्याने सुरू झाला तर सीएसएस सिलेक्टर रुसतात. हे बिफोरअ‍ॅक्शनमध्ये सरसकट टाकायचं असेल तर अट ‘एजॅक्स आहे आणि पीजॅक्स नाही’ अशी हवी. पीजॅक्सची रिक्वेस्टही एजॅक्सच असते, आणि नुसती इजएजॅक्स तपासली तर ग्रिडचं पान उलटलं की आतले आयडी दर वेळी बदलतात, आणि तुम्ही बाहेरून बांधलेली स्क्रिप्ट सुटते.

बाकीच्या गोष्टी भराभर. विजेटमधला रेंडर हा क्लासच्या फाइलशेजारच्या ‘व्ह्यूज’ फोल्डरमध्ये बघतो, आणि क्लास म्हणजे चाललेला क्लास, मूळचा नव्हे. दुसऱ्या फोल्डरमध्ये एक्स्टेंड केलंत की व्ह्यू सापडत नाही; गेटव्ह्यूपाथ ओव्हरराइड करा. इनपुटविजेटमध्ये पॅरेंटचा इनिट विसरू नका, मॉडेल-अ‍ॅट्रिब्यूटची तपासणी आणि आयडी दोन्ही तिथेच ठरतात. एचटीएमएल हेल्परचा टॅग आशय एन्कोड करत नाही, ग्राहकाचं नाव दाखवताना एन्कोड स्वतः लावायचा.

अ‍ॅसेट बंडलचं (सीएसएस आणि स्क्रिप्ट फाइलींच्या गठ्ठ्याचं) मात्र जरा थांबून सांगायला हवं. सोर्सपाथ दिलेलं बंडल वेब/अ‍ॅसेट्समध्ये कॉपी होतं, आणि तिथल्या फोल्डरचं नाव मूळ फोल्डरच्या मार्गावरून आणि बदलवेळेवरून ठरतं. आतली सीएसएस फाइल जागच्या जागी बदलली तर फोल्डरची वेळ हलत नाही, म्हणून नवी कॉपी होत नाही, आणि माणूस ब्राउझरची कॅश पुसत बसतो. डेव्हलपमेंटला फोर्सकॉपी (दर वेळी नवी कॉपी) किंवा कॉपीऐवजी सिमलिंक, म्हणजे मूळ फोल्डरकडे दुवा करणारं लिंकअ‍ॅसेट्स चालू ठेवा. शेअर्ड होस्टिंगवर सिमलिंक बंद असू शकतात, तिथे डिप्लॉय करताना वेब/अ‍ॅसेट्समधले जुने फोल्डर पुसणं हा फुकटातला उपाय.

लारावेल या दुसऱ्या पीएचपी फ्रेमवर्ककडे जा, असा सल्ला हमखास मिळतो. ७ व्या आवृत्तीपासून ब्लेड या त्याच्या टेम्प्लेट भाषेत एक्स-डॅश टॅगचे कंपोनंट आहेत, स्लॉट आहेत, दिसायला ते नक्कीच देखणे. पण चालू कारखाना बंद करून नवा बांधायचा खर्च एका आयडीसाठी कोण करणार? तारे साडेतीन.

आयडी हाताने देताना तो ऑप्शन्समध्ये (एचटीएमएल टॅगच्या गुणधर्मांत) देऊ नका, थेट विजेटच्या ‘आयडी’ प्रॉपर्टीत द्या. ऑप्शन्समध्ये दिला तर एचटीएमएलवर तुमचं नाव उमटतं, पण गेटआयडी विचारलं की तो तरीही डब्ल्यू० च सांगतो. ग्रिडव्ह्यू स्वतः ऑप्शन्समधलाच आयडी वापरतं म्हणून तिथे निभावतं. बाहेरून आणलेलं विजेट आपल्या स्क्रिप्टमध्ये गेटआयडी वापरत असेल तर ते पानावर नसलेलं डब्ल्यू० शोधत राहतं, किंवा त्याहून वाईट, दुसऱ्याचं सापडतं.